सुंबावाची 'बासिरू' आणि आपली सावड

 

मागच्या महिन्यात एका गटाच्या बैठकीत हप्ते गोळा झाले आणि विषय निघाला आवणीचा. माणूस मिळत नाही, मिळालं तर मजुरी परवडत नाही. कोपऱ्यातल्या एक आजी म्हणाल्या, "आमच्या वेळी सावड होती गं. आज माझ्या वावरात, उद्या तुझ्या." म्हणून आज मी तुम्हाला सावड करणाऱ्या, पण फार लांब राहणाऱ्या माणसांबद्दल सांगणार आहे.

इंडोनेशिया हा हजारो बेटांचा देश. त्यात एक बेट आहे सुंबावा. आकाराने साधारण आपल्या पुणे जिल्ह्याएवढं. बेटाच्या पश्चिम भागात राहणारे लोक स्वतःला 'ताउ समावा' म्हणजे समावाची माणसं म्हणवतात. त्यांची भाषा वेगळी, धर्म मुस्लिम, मुख्य गाव सुंबावा बेसार. तिथे सुलतानाचा १८८५ साली बांधलेला लाकडी वाडा आहे. तो ९९ खांबांवर उभा आहे, कारण अल्लाची नावं ९९.

याच बेटावर तांबोरा नावाचा ज्वालामुखी आहे. १८१५ च्या एप्रिलमध्ये तो फुटला. माणसाने नोंदवलेला हा सगळ्यात मोठा स्फोट मानतात. गावंच्या गावं राखेखाली गेली. जे वाचले त्यांच्यावर उपासमारीची वेळ आली, कारण शेतंही राखेने भरली होती. पुढच्या वर्षी थेट युरोपात उन्हाळा पडला नाही.

आता शेतीकडे येऊ. समावा लोक भात लावतात. लावणीच्या आधी पाणी भरलेल्या खाचरात रेड्यांची शर्यत होते, 'बारापान केबो'. जोडीमागे लाकडी चौकटीवर उभा राहून माणूस चिखलातून रेडे पळवतो. नुसतं पुढे पळून चालत नाही, समोर रोवलेल्या खुंटीला धडक बसावी लागते. आणि त्या खुंटीपाशी एक मांत्रिक रेड्यांना चकवायला उभा असतो! खेळाचा खेळ होतो आणि वावराची चिखलणीही.

लावणी आणि कापणीला त्यांची रीत म्हणजे 'बासिरू'. आज सगळ्यांनी मिळून एकीचं शेत लावायचं, उद्या दुसरीचं. पैसे नाहीत, दिवसाला दिवस. आहे ना आपली सावड? पण मजुरी आणि यंत्रं आली तशी तिथेही ही रीत कमी होत चालली आहे. शिवाय त्या भागातल्या पुष्कळ बाया घरकामासाठी आखाती देशांत जातात. घरी पैसा येतो, पण सावडीतले दोन हात कमी होतात.

त्यांची लग्नं ऐकून तर तुम्हाला गंमत वाटेल. लग्नाआधी 'बारोदाक' असतो. वडीलधारी माणसं नवरीला आणि नवऱ्याला उटणं लावतात, अगदी आपली हळदच. त्याआधी 'न्योरोंग' होतो. त्यात नवऱ्याकडची माणसं वाजतगाजत सामान घेऊन नवरीच्या दारी जातात. म्हणजे देणं मुलाकडून मुलीकडे. हे ऐकून आमच्या बैठकीत दोन मिनिटं कुणी बोललंच नाही. लग्नात नेसायचं मानाचं वस्त्र म्हणजे 'क्रे आलांग', सोनेरी-रुपेरी धागा घालून हातमागावर विणलेलं. ते बायाच विणतात आणि एका वस्त्राला कितीतरी दिवस लागतात. घरात बसून केलेलं काम म्हणून त्या दिवसांचा हिशेब मात्र कुणी धरत नाही, हे आपल्याला वेगळं सांगायला नको.

आता आपलं सांगते. गेल्या खरिपात आमच्या गटातल्या नऊजणींनी सावड केली. सहाव्या दिवशी एकीचं गुडघ्याचं दुखणं वाढलं. तिचं वावर लावून झालं होतं, पण तिला तिघींचे दिवस फेडायचे राहिले होते. ती विधवा, घरात दुसरं कुणी नाही. कुजबुज सुरू झाली. सावड इथेच मोडते, बायांनो. बांधावर नाही, मनात मोडते. शेवटी आम्ही बसून ठरवलं की तिने तीन दिवस सगळ्यांच्या लहान मुलांना सांभाळायचं आणि दुपारची भाकरी करायची. तो दिवस पुरा धरायचा, अर्धा नाही. दोघींना पटलं नाही. पण बारकी पोरं बांधावरून उचलून घरात गेली, तशी आमचीच लावणी लवकर उरकली. मग त्या दोघीही गप्प झाल्या.

म्हणून माझी विनंती आहे. आपल्या बचतीच्या वहीत मागे दोन कोरी पानं असतातच. त्यावर सावडीचे दिवस लिहा. कुणी कुणाकडे किती दिवस दिले, किती फिटले. आणि आवणी सुरू व्हायच्या आधीच ठरवा की आजारी, बाळंतीण, म्हातारी बाई आपला दिवस कशाने फेडेल. चिखलात उभं राहून हे ठरत नाही, तिथे फक्त भांडण होतं.

तुमच्या गावात सावडीला काय म्हणतात? इर्जिक, की आणखी काही? आणि ती कशावरून मोडली? पुढच्या बैठकीत बोला आणि आम्हाला कळवा. येते मी. नमस्कार.