मागच्या सीटवरही प्रवास व्हावा सुखाचा

समोरचा खड्डा गाडी चालवणाऱ्याला दिसतो, म्हणून तो आधीच सावध होतो. मागे बसलेल्या आजींना मात्र तो कंबरेत कळ गेल्यावरच समजतो. गाडी घेताना आपण मायलेज, रंग, स्क्रीनचा आकार सगळं पाहतो, पण सस्पेन्शनबद्दल विचारायचं राहूनच जातं. मग गाडी आदळायला लागली, की लगेच 'सस्पेन्शन बदलून टाका' असा सल्ला मिळतो. हा खर्च करण्यापूर्वी काही गोष्टी समजून घ्या.

आराम आणि नियंत्रण

स्प्रिंग गाडीचं वजन पेलते आणि धक्का झेलते. पण एकदा दबलेली स्प्रिंग वरखाली होतच राहते. हे हेलकावे शॉक ॲब्सॉर्बर थांबवतो. सस्पेन्शन मऊ असेल, तर खड्डे कमी जाणवतात, पण वळणावर गाडी जास्त कलते. कडक असेल, तर गाडी वळणावर स्थिर राहते, पण धक्के पाठीला बसतात. कंपनीने या दोन्हींचा मेळ घातलेला असतो. तो बिघडला असेल, तर आधी पूर्ववत करा.

सुरुवात हवेपासून

ड्रायव्हरच्या दाराजवळच्या स्टिकरवर टायरमधल्या हवेचं प्रमाण दिलेलं असतं. बऱ्याच गाड्यांमध्ये पूर्ण भरलेल्या गाडीसाठी वेगळा आकडा असतो. टायर थंड असतानाच हवा तपासा. हवा जास्त झाली, तर गाडी उसळते. आराम मिळावा म्हणून ती कमी ठेवली, तर टायर तापून फुटण्याचा धोका वाढतो.

घरच्या घरी तपासा

* गाडीचा एक कोपरा जोराने दाबून सोडा. ती एकदा वर येऊन स्थिरावली पाहिजे. हलतच राहिली, तर शॉक ॲब्सॉर्बर कमजोर झाल्याची शक्यता आहे.
* शॉक ॲब्सॉर्बरवर तेलाचे ओघळ दिसतात का, ते पाहा.
* स्पीड ब्रेकरवर खडखड आवाज येत असेल, तर बुश, लिंक रॉड आणि बॉल जॉइंट तपासून घ्या. अनेकदा एवढ्यावरच काम भागतं.
* गाडी एका बाजूला ओढत असेल किंवा टायर एका कडेने झिजत असतील, तर व्हील अलाइनमेंट करून घ्या.

बदल करताना

शॉक ॲब्सॉर्बर एकटा बदलू नका. पुढचे किंवा मागचे दोन्ही एकत्र बदला आणि नंतर अलाइनमेंट तपासा. मोठी अलॉय व्हील्स आणि कमी उंचीचे टायर दिसायला छान असले, तरी धक्के वाढवतात. स्प्रिंगमध्ये रबर बफर बसवल्याने गाडी थोडी उंच होते, पण सस्पेन्शन कडकही होतं. गाडी खाली आणण्यासाठी स्प्रिंग कापणं तर धोक्याचंच आहे. मोटर वाहन कायदा, १९८८ च्या कलम ५२ मध्ये गाडीतल्या बदलांवर बंधनं आहेत. शिवाय वॉरंटीचाही प्रश्न येतो. त्यामुळे आधी सर्व्हिस सेंटरमध्ये विचारून घ्या.

प्रश्न फक्त पाठदुखीचा नाही

शॉक ॲब्सॉर्बर निकामी झाला, की खराब रस्त्यावर टायर उसळत राहतो आणि त्याची रस्त्यावरची पकड सुटते. अशा वेळी ब्रेक दाबला, तर गाडी थांबायला जास्त अंतर लागतं. म्हणून ही दुरुस्ती पुढे ढकलू नका. काम झाल्यावर मेकॅनिकसोबत चक्कर मारायला जाल, तेव्हा स्टिअरिंग त्याच्याकडे द्या आणि तुम्ही मागे बसा. घरच्यांना काय जाणवतं, ते तिथेच कळेल.