कलावंताची विश्रांती : गैरसमज आणि वस्तुस्थिती

गाणारा, लिहिणारा किंवा चित्र काढणारा माणूस खिडकीशी स्वस्थ बसला, की घरातलं कुणीतरी विचारतंच, ‘काम नाही का आज?’ हळूहळू तो माणूसही स्वतःला तेच विचारू लागतो. या अपराधीपणामागे काही ठाम समजुती आहेत आणि त्यांतल्या बऱ्याचशा चुकीच्या आहेत.

गैरसमज : जितके तास जास्त, तितकी कला पक्की

प्रावीण्यासाठी ‘दहा हजार तास’ सराव हवा, हा आकडा आता गाण्याच्या क्लासपर्यंत पोचला आहे. माल्कम ग्लॅडवेल यांच्या २००८च्या ‘आउटलायर्स’ या पुस्तकाने तो घरोघरी नेला. त्याचं मूळ अँडर्स एरिक्सन आणि सहकाऱ्यांनी १९९३ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात आहे. पश्चिम बर्लिनच्या संगीत अकादमीत व्हायोलिन शिकणाऱ्या विद्यार्थ्यांच्या दिवसाचा हिशोब त्यांनी मांडला होता. त्यातला सरावाचा आकडा जगाने उचलला आणि झोपेचा तिथेच राहू दिला.

सर्वांत सरस विद्यार्थी एकट्याने करायचा सराव दिवसाला सरासरी साडेतीन तास करत. आठ-दहा तास नव्हे. तोही सलग नाही. साधारण तास-दीड तासाची बैठक, मग मोकळा वेळ, पुन्हा बैठक. दुपारची डुलकी या गटात जास्त होती. दिवसरात्रीची मिळून त्यांची झोप सरासरी ८.६ तास भरली, तर तुलनेने कमी तयारीच्या गटाची ७.८ तास. म्हणजे सराव सरस विद्यार्थ्यांचाच जास्त आणि झोपही त्यांचीच जास्त. ही दुसरी गोष्ट रियाजाचा आग्रह धरणाऱ्या प्रत्येक पालकाने वाचायला हवी. पूर्ण लक्ष लावून केलेला रियाज थकवतो. थकल्यावर रेटलेल्या तासात चुकाच पक्क्या होतात, असं माझं मत आहे.

गैरसमज : माणूस स्वस्थ बसला की डोकंही बंद असतं

मेंदूचं वजन शरीराच्या जेमतेम २ टक्के, पण विश्रांतीतही तो शरीराच्या ऊर्जेचा सुमारे २० टक्के वाटा घेतो. अवघड गणित सोडवायला बसलं तरी हा खर्च फारसा वाढत नाही. अमेरिकेतल्या सेंट लुईसच्या वॉशिंग्टन विद्यापीठातले मार्कस राइकल आणि त्यांचे सहकारी यांनी २००१ साली दाखवून दिलं, की मेंदूचे काही भाग हातात काम नसतानाच अधिक जागे असतात आणि काम सुरू झालं की मंदावतात. आठवणी जुळवणं, पुढचं कल्पून पाहणं, दुसऱ्याच्या मनात डोकावणं या गोष्टींशी याच भागांचा संबंध आहे. कादंबरीकाराला याहून वेगळं काय लागतं?

गैरसमज : विश्रांती घेतली की कल्पना आपोआप सुचतात

ही समजूत उलट्या बाजूची, पण तितकीच घातक. फ्रेंच गणिती आंरी प्वँकारे यांचा अनुभव तिच्या पुराव्यादाखल सांगितला जातो. सहलीला निघालेल्या प्वँकारेंनी कुतांस या गावी घोडागाडीच्या पायरीवर पाय ठेवला आणि कित्येक दिवस छळणाऱ्या प्रश्नाचा धागा त्यांना एकदम सापडला. सांगणारे इथेच थांबतात. प्वँकारेंनी मात्र त्याआधी दोन आठवडे रोज टेबलाशी बसून केलेल्या खटपटीबद्दलही सांगितलं होतं. परतल्यावर त्यांनी ती कल्पना कागदावर तपासून घेतली. आधी आणि नंतर जाणीवपूर्वक काम केलं नाही, तर मनाचं हे आतलं काम फळत नाही, असं त्यांचं स्पष्ट मत होतं.

जर्मनीतल्या ल्यूबेक इथे झालेल्या आणि २००४ साली ‘नेचर’मध्ये आलेल्या प्रयोगातही हेच दिसलं. आकड्यांच्या एका कोड्यात सोपी वाट दडवलेली होती. कोड्याशी झगडून मग झोपलेल्यांपैकी ती वाट सापडलेल्यांचं प्रमाण जागं राहिलेल्यांच्या दुपटीहून जास्त होतं. कोडं न पाहताच झोपलेल्यांना मात्र झोपेचा काही फायदा झाला नाही.

गैरसमज : विश्रांती म्हणजे काहीच न करणं

इथे कुमार गंधर्वांचं उदाहरण पाहावं. लहानपणीच नाव झालेला, मुंबईत प्रा. बी. आर. देवधरांकडे शिकलेला हा गायक ऐन तारुण्यात क्षयाच्या तावडीत सापडला. १९४८च्या सुमारास कोरड्या हवेसाठी ते माळव्यात देवासला राहायला गेले. डॉक्टरांनी गाणं बंद केलं आणि जवळपास पाच वर्षं त्यांना मैफल करता आली नाही. पत्नी भानुमती यांनी त्यांची शुश्रूषा केली, स्ट्रेप्टोमायसीन हे औषध मिळालं आणि ते वाचले.

त्या काळात गळा बंद होता, कान नव्हते. दारावरून जाणारी, बायकांच्या तोंडी असलेली माळवी लोकगीतं ते ऐकत राहिले. शास्त्रीय रागांचं मूळ या धुनांमध्ये असल्याचा विचार त्यांच्या मनात पक्का होत गेला. पुढे लोकधुनांतून त्यांनी जे राग उभे केले, त्यांना ‘धुनउगम’ हे नाव मिळालं. मालवती, सहेली तोडी, लगनगंधार हे त्यांतलेच. त्यांचं १९६५ सालचं ‘अनूपरागविलास’ हे पुस्तक चाळलं, की त्या शांततेत किती काम झालं होतं ते कळतं.

आजारपण हे वरदान होतं, असं मात्र कुणी म्हणू नये. क्षयाने त्यांच्या फुफ्फुसाचं कायमचं नुकसान केलं. उपयोगी पडलं ते ऐकणं, आणि ऐकण्यासाठी कुणी आजारी पडायची गरज नाही.

मोबाईलवर एकामागून एक व्हिडिओ पाहणं ही अशी विश्रांती नव्हे. अडलेल्या प्रश्नापासून थोडं दूर गेल्याने तो सुटतो का, यावरच्या शंभराहून अधिक प्रयोगांचा २००९ साली एकत्र आढावा घेतला गेला. शब्दांच्या कोड्यांसाठी तरी मन गुंतवून टाकणाऱ्या कामापेक्षा हलकं काम जास्त उपयोगी ठरल्याचं त्यात आढळलं. भाजी निवडणं, झाडांना पाणी घालणं, रस्त्याने चालत जाणं हे सगळं चालेल.

घरात कुणी गात, लिहीत, चित्र काढत असेल, तर त्याच्या दोन बैठकांमधला तास रिकामा राहू द्या, आणि त्या तासाला ‘काय करतोयस?’ असं विचारू नका.