यंत्राचे प्रेक्षक व घरचा पैसा

घरांतील एखादा मुलगा स्वतंत्र उद्योगास उभा राहिला म्हणजे वडीलधाऱ्यांपुढें मोठीच अडचण येते. हात आखडावा तर मायेस कमीपणा येतो. हात सैल सोडावा तर साऱ्या घराच्या ठेवीस धक्का पोंचण्याचा संभव. असा प्रसंग गेल्या पावसाळ्यांत आमच्यावर आला. हल्लीं तो पुष्कळ सुशिक्षित कुटुंबांवर येत असल्यामुळें, आम्हीं त्यांतून कशी वाट काढली हें सांगितल्यास कोणाच्या तरी उपयोगीं पडेल, अशा समजुतीनें हा लेख लिहीत आहों.

आमचें सांगलीस तीन भावांचें एकत्र घर आहे. मधले बंधु कैलासवासी होऊन आठ वर्षें झालीं. त्यांचा मुलगा पुण्यास संगणकशास्त्र शिकला व तेथेंच दोन मित्रांसह त्यानें एक कंपनी काढली आहे. अशा नव्या कंपनीस आजच्या भाषेंत स्टार्टअप म्हणतात. गांवाकडील शेत विकून आलेले २४ लाख रुपये तिन्ही घरांच्या नांवें बँकेंत मुदतीच्या ठेवींत होते. त्यांपैकीं २० लाख कंपनींत गुंतवावे व मोबदला म्हणून कंपनीचे शेंकडा २ भाग घ्यावे, अशी त्याची मागणी होती. जेवणें झाल्यावर माजघरांत बसून त्यानें संगणकावर पंधरा पानांची सचित्र माहिती दाखविली. गुंतवणूकदारांपुढें मांडावयाच्या अशा टिपणास ‘पिच डेक’ असें नांव आहे. सारी मंडळी चकित होऊन पाहात होती. शेवटीं धाकटे बंधु म्हणाले, “दादा, हें तुम्हीच तपासा. तुमचा जन्म पेपर तपासण्यांत गेला.”

आम्ही केवळ मॅट्रिक. चौतीस वर्षें संस्कृत व गणित शिकविलें एवढीच आमची विद्या. तरी पण पेपर तपासण्यास जी सावधगिरी लागते तीच येथें लागेल असें वाटून आम्हीं तें काम पत्करलें.

कंपनीचा धंदा असा : चित्रपटाची कथा, नाटकाची संहिता किंवा जाहिरात त्यांच्या सॉफ्टवेअरला द्यावयाची. कृत्रिम बुद्धिमत्तेचें यंत्र एक हजार काल्पनिक प्रेक्षक निर्माण करतें. कोणी नागपूरचा विद्यार्थी, कोणी ठाण्याचा कारकून, कोणी कोल्हापूरची गृहिणी. हे ‘प्रेक्षक’ तें काम वाचून आपलें मत देतात, आणि कोठें कंटाळा आला, शेवट रुचला कीं नाहीं, चित्रपट चालेल कीं पडेल, याचा अहवाल तासाभरांत निर्मात्याच्या हातीं पडतो. खरे प्रेक्षक जमविण्याचा खर्च व वेळ वांचतो.

प्रेक्षकांची नाडी पाहण्याची ही धडपड नवी नाहीं. भरतमुनींच्या नाट्यशास्त्राच्या २७ व्या अध्यायांत प्रयोगाच्या सिद्धीचाच विचार आहे. प्रेक्षकांचें स्मित, मोठें हसूं, शाबासकीचे उद्गार, अंगावरील रोमांच, जागेवरून उठणें, अंगठी किंवा वस्त्र काढून देणें, हीं सर्व मानुषी सिद्धीचीं लक्षणें तेथें मोजून सांगितलीं आहेत. वाद पडल्यास निर्णय देणारे प्राश्निकहि सांगितले आहेत. त्यांत वैयाकरण आहे, नर्तक आहे, धनुर्धर आहे, चित्रकार आहे आणि गणिकाहि आहे. तरुण शृंगारांत रमतात, शूर युद्धांत, वृद्ध पुराणकथांत. आणि उत्तम प्रेक्षकाचे सारे गुण एकाच माणसांत सांपडत नाहींत, हेंहि तेथें स्पष्ट सांगितलें आहे. प्रेक्षक हा एक नसतो, अनेक असतात, हें आपल्या पूर्वजांस पक्कें ठाऊक होतें.

विसाव्या शतकांत अमेरिकेनें याच कामास यंत्रें लावलीं. १९३० च्या दशकाच्या अखेरीस लॅझर्सफेल्ड व स्टँटन या दोघांनीं असें यंत्र केलें कीं, रेडिओचा कार्यक्रम ऐकतांना श्रोत्यानें आवडल्यास हिरवी व न आवडल्यास तांबडी कळ दाबावी व त्याची नोंद सरकत्या कागदावर उमटावी. चित्रपट प्रसिद्ध होण्यापूर्वीं निवडक लोकांस दाखवून मत घेण्याची चाल हॉलिवुडांत होतीच. पण तीहि चुके. १९३९ च्या ‘द विझर्ड ऑफ ऑझ’ चित्रपटांतील ‘ओव्हर द रेनबो’ हें गाणें अशा एका पूर्वप्रदर्शनानंतर कापून टाकलें होतें. मागाहून तें परत घातलें, आणि त्या वर्षीचें गीताचें ऑस्कर पारितोषिक त्यासच मिळालें.

यापेक्षांहि बोधप्रद गोष्ट १९३६ सालची. ‘लिटररी डायजेस्ट’ नांवाच्या साप्ताहिकानें अध्यक्षाच्या निवडणुकीपूर्वीं सुमारें १ कोटि मतपत्रिका वांटल्या. २३ लाखांवर परत आल्या. लँडन निवडून येणार, असा निष्कर्ष त्यांनीं छापला. प्रत्यक्षांत ४८ पैकीं ४६ संस्थानांत रूझवेल्ट विजयी झाले. चूक कोठें झाली? नांवें घेतलीं होतीं मुख्यतः टेलिफोनच्या व मोटारवाल्यांच्या याद्यांतून. मंदीच्या त्या दिवसांत ज्याच्या घरीं टेलिफोन नव्हता व दारांत मोटार नव्हती, त्यास कोणी विचारलेंच नाहीं. गॅलप यांनीं त्याहून कितीतरी थोड्या, पण नीट निवडलेल्या लोकांस विचारून बरोबर उत्तर काढलें. वर्षादीडवर्षांत तें साप्ताहिक बंद पडलें.

हें सर्व मनांत ठेवून आम्ही पुतण्याच्या पंधरा पानांकडे वळलों. सहाव्या पानावर ठळक अक्षरांत लिहिलें होतें कीं, ५० जुन्या चित्रपटांची परीक्षा घेतली असतां यंत्रानें ४१ चें भाकीत बरोबर केलें. म्हणजे शेंकडा ८२ गुण. आम्हीं विचारलें, “या ५० पैकीं पडलेले किती?” तो म्हणाला, “एकोणचाळीस.” तेव्हां आम्हीं पाटीवर हिशेब मांडला. एखाद्या ठोंब्यानें कांहींएक न वाचतां पन्नासहि चित्रपटांपुढें ‘पडेल’ असें लिहिलें, तरी त्याचीं ३९ उत्तरें बरोबर येतील. म्हणजे ७८ गुण आळसासच मिळाले! यंत्राची कमाई उरली फक्त चारांची.

दुसरा प्रश्न याहून कठीण होता. आम्हीं त्यास ‘शोले’ची कथा यंत्रास घालावयास सांगितली, मात्र माणसांचीं व गांवाचीं नांवें बदलून. यंत्रानें तत्काळ सांगितलें, ‘प्रचंड यश मिळेल.’ मग हा कोणता चित्रपट असावा असें विचारतांच त्यानें नांव बिनचूक सांगितलें! १९७५ सालीं आरंभीं थंडा वाटलेला तो चित्रपट पुढें मुंबईच्या मिनर्व्हा थिएटरांत पांच वर्षें चालला, हें ज्या पुस्तकांत व लेखांत छापलें आहे तें सारें वाचूनच हें यंत्र तयार झालें आहे. ज्या मुलाच्या हातीं पेपर आधींच फुटला त्याच्या गुणांवरून त्याची हुशारी कशी ठरवावी? शाळेंत आम्ही पाठ्यपुस्तकाबाहेरचा अपठित उतारा देत असूं, तो याचसाठीं. पुतण्या कांहीं वेळ गप्प राहिला. हा विचार त्याच्या मनांत आला नव्हता, हें त्याच्या चेहऱ्यावरून दिसलें; त्यानें लबाडी केली नव्हती.

तो मग म्हणाला कीं, मोठ्या विद्यापीठांनीं या पद्धतीची सत्यता पाहिली आहे. गोष्ट खोटी नाहीं. २०२४ सालीं स्टॅनफर्डच्या संशोधकांनीं १,०५२ माणसांच्या दोन दोन तास मुलाखती घेऊन प्रत्येकाचा एक कृत्रिम प्रतिनिधि केला. तेच प्रश्न दोन आठवड्यांनीं पुन्हां विचारले असतां माणसाचीं स्वतःचीं उत्तरें जितपत जुळतात, त्याच्या शेंकडा ८५ इतकीं प्रतिनिधीचीं उत्तरें जुळलीं. हें नवल खरें. परंतु तेथें प्रत्येक प्रतिनिधीच्या मागें एक जिवंत माणूस दोन तास बोलला होता. आमच्या पुतण्याच्या हजार प्रेक्षकांपैकीं एकाचीहि मुलाखत झाली नव्हती. वय, गांव व धंदा लिहून दिला कीं झाली ‘कोल्हापूरची गृहिणी’! असे कृत्रिम उत्तरदाते माणसांपेक्षां एकमेकांसारखे फार असतात, असेंहि त्याच वर्षीं प्रसिद्ध झालेल्या दुसऱ्या एका अभ्यासांत आढळलें आहे.

येथें १९३६ च्या टेलिफोनची आठवण झाल्यावांचून राहिली नाहीं. यंत्र शिकतें लिहिलेल्या मजकुरावर. जो कधीं लिहीतच नाहीं तो त्याला कोठून कळणार? २०२३ सालीं ‘बाईपण भारी देवा’ हा चित्रपट आला तेव्हां गांवोगांवच्या बायका जथ्यांनीं थिएटरांत गेल्या. आमच्या घरच्या सहाजणीहि नऊवारी नेसून, टेंपो ठरवून गेल्या होत्या. त्यांपैकीं एकीनेंहि त्या चित्रपटाविषयीं कोठें एक ओळ लिहिलेली नाहीं. तिकिटाचे पैसे मात्र सहाजणींनीं दिले.

राहिला पैशाचा हिशेब. शेंकडा २ भागांस २० लाख, म्हणजे सबंध कंपनीची किंमत १० कोटि झाली. गतवर्षाचें उत्पन्न होतें ६ लाख. पुस्तिकेंत ११ ग्राहक लिहिले होते; त्यांतले नऊ फुकट वापरून पाहणारे, पैसे देणारे दोनच. महिन्याचा खर्च ३ लाख, आवक ५० हजार. म्हणजे आमचे २० लाख आठ महिन्यांत संपावयाचे. शिवाय मूळ यंत्र दुसऱ्या मोठ्या कंपनीचें, भाड्यानें घेतलेलें. उद्यां तिनें स्वतःच हा धंदा मांडला तर काय, यास पंधरा पानांत उत्तर नव्हतें. आणि खाजगी कंपनीचे भाग कांहीं बाजारांत नेऊन विकतां येत नाहींत.

हें सारें ऐकून पुतण्याचे डोळे भरून आले. “काका, तुमचा माझ्यावर विश्वास नाहीं,” असें तो म्हणाला. आम्हीं त्यास सांगितलें, “बाळ, वर्गांत घरचा मुलगा असला तर त्याचा पेपर आम्ही दुसऱ्या मास्तरांकडे देत असूं. येथें दुसरे मास्तर नाहींत, म्हणून जरा जपून तपासतों.” त्या रात्रीं आमच्या भावजयीनें, म्हणजे त्याच्या आईनें, स्वयंपाकघराच्या दाराशीं उभें राहून एवढेंच म्हटलें, “भावजी, माझ्याकडे पाहून देऊं नका. पैसे बुडाले तर ह्या घरांत पानावर बसतांना मला मान वर करतां यायची नाहीं.”

त्या एका वाक्यानें आमचा निश्चय झाला. नाहीं म्हणावयाचें नाहीं, आणि डोळे मिटून हो म्हणावयाचें नाहीं. अपठित उतारा द्यावयाचा. पुढील तीन महिन्यांत येणारे बारा मराठी चित्रपट निवडले. पुण्यांतील निदान पांच चित्रगृहांत तिसरा आठवडा पाहील तो यशस्वी, अशी व्याख्या आधींच लिहून ठेवली. यंत्राचीं भाकितें पाकिटांत घालून, लाखेनें बंद करून, आमच्या कपाटांत ठेवलीं. दिवाळींत पाकिटें फोडलीं. बारांपैकीं तीन चित्रपट चालले, नऊ पडले. यंत्राचीं उत्तरें आठ बरोबर आलीं. आमच्या ठोंब्यानें सर्वत्र ‘पडेल’ लिहिलें असतें तर त्याचीं नऊ आलीं असतीं.

परंतु न्यायबुद्धीनें दुसरी बाजूहि सांगितली पाहिजे. एका हौशी नाट्यमंडळाच्या संहितेंत यंत्रानें दुसऱ्या अंकांतील दोन प्रवेश लांबले आहेत असें दाखविलें होतें. प्रयोगास आम्ही मुद्दाम गेलों व बाहेर पडणाऱ्या चाळीसजणांस विचारलें. त्या दोहोंपैकीं एक प्रवेश कंटाळवाणा झाला असें बहुतेकांनीं आपण होऊन सांगितलें. म्हणजे भविष्य सांगण्यास हें यंत्र निरुपयोगी असलें, तरी लेखकास चुका दाखविणारा मदतनीस म्हणून त्यास कांहीं किंमत आहे. पुतण्यास हें आमच्या आधीं पटलें. त्यानें सहावें पान काढून टाकलें, त्या जागीं बारांपैकीं आठ हा खरा आकडा घातला आणि धंद्याचें वर्णनहि बदललें.

शेवटीं आम्हीं दोघां भावांनीं आपापल्या वांट्याच्या व्याजांतून मिळून ३ लाख दिले. रीतसर करार केला आणि ते गेले असेंच समजून घरच्या वहींत लिहिले. शेताच्या ठेवीस हात लावला नाहीं. आमच्या वाचकांच्या घरीं असा प्रसंग आल्यास चार गोष्टी अवश्य विचाराव्या : परीक्षेचा पेपर आधींच फुटला होता काय, कांहींच न करणाऱ्यास किती गुण पडले असते, कोणास विचारलेंच नाहीं, आणि ‘छान आहे’ म्हणणाऱ्यांपैकीं पैसे किती जणांनीं मोजले. एवढें विचारण्यास संगणकविद्या लागत नाहीं. आणि जें द्यावयाचें तें इतकेंच द्यावें कीं, बुडाल्यास घरांतील कोणासहि पानावर मान खालीं घालून बसावें लागूं नये.

पुढील बारा चित्रपटांचीं पाकिटें आमच्या कपाटांत आहेत. या खेपेस लाख पुतण्यानें स्वतःच लावली. गुढीपाडव्यास तीं फोडावयाचीं आहेत.