टपालाने आलेले इंजेक्शन

वजन कमी करणाऱ्या इंजेक्शनांच्या जाहिराती आता मोबाइलवर येतात, आणि मोबाइल कुठेही पोचतो. भामरागड तालुक्यातल्या हेमलकशात बसूनही एखादा शिक्षक 'आजच नोंदणी करा, औषध घरपोच मिळवा' हे वाक्य वाचू शकतो. पण ते घर हेमलकशाचे असेल तर 'घरपोच' या शब्दाचा अर्थ काय होतो? या लेखात हाच प्रश्न तपासायचा आहे. औषध विकणारा कोण, तो कितपत भरवशाचा, हे ठरवायला हेमलकसा ही फार चांगली कसोटी आहे. इथे जो टिकेल तो पुण्यात आणि ठाण्यात नक्कीच टिकेल.

हेमलकसा आणि लठ्ठपणा ही जोडी काहींना विचित्र वाटेल. २३ डिसेंबर १९७३ रोजी बाबा आमटे यांनी तिथे लोकबिरादरी प्रकल्प सुरू केला. डॉ. प्रकाश आणि डॉ. मंदाकिनी आमटे माडिया गोंडांच्या त्या मुलखात जाऊन राहिले, तेव्हा समोर हिवताप होता, कुपोषण होते, अस्वलाने फाडलेली माणसे होती. जास्तीच्या वजनाची तक्रार घेऊन कोणी येत नव्हते. मात्र आजचे चित्र दुहेरी आहे. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार महाराष्ट्रातील १५ ते ४९ वयाच्या स्त्रियांपैकी २०.८ टक्के प्रमाणापेक्षा बारीक होत्या आणि २३.४ टक्के प्रमाणापेक्षा जाड. एकाच राज्यात, कित्येकदा एकाच तालुक्यात, दोन्ही टोके आहेत. जंगलातल्या तालुक्यातही बैठ्या नोकरीचा माणूस आहे, दुकानदार आहे, आणि आपण शिक्षकही आहोत. वाढलेली साखर, वाढलेला रक्तदाब आणि दुखणारे गुडघे यांना जिल्ह्याची सीमा माहीत नसते.

आता औषधाकडे वळू. आपण जेवलो की आतड्यातून जीएलपी-१ नावाचे एक संप्रेरक रक्तात येते. ते स्वादुपिंडाला इन्शुलिन सोडायला सांगते, जठर रिकामे होण्याचा वेग कमी करते आणि मेंदूला 'पुरे' असा निरोप देते. अडचण अशी, की रक्तातले एक विकर त्याचे तुकडे करते आणि सुमारे दोन मिनिटांत त्याचे प्रमाण निम्मे होते. असा क्षणभंगुर रेणू औषध म्हणून कसा वापरणार? वाट सापडली ती अनपेक्षित जागी. १९९२ साली जॉन एंग या अमेरिकन संशोधकाने हिला मॉन्स्टर या विषारी सरड्याच्या विषात याच संप्रेरकासारखा, पण सहजासहजी न तुटणारा रेणू शोधला. (हा सरडा अमेरिकेतला, पण आपल्या घोरपडीच्या दूरच्या नात्यातला. हेमलकशाच्या प्राणी अनाथालयात वावरलेल्या मुलांना ही गोष्ट जरूर सांगावी.) त्यावरून तयार केलेले औषध २००५ साली अमेरिकेत मधुमेहासाठी मान्य झाले. पुढे मानवी संप्रेरकातच थोडे बदल करून सेमाग्लुटाइड बनवले गेले. त्याला स्निग्धाम्लाची एक लांब शेपटी जोडलेली असते. ही शेपटी रक्तातल्या अल्ब्युमिन या प्रथिनाला चिकटते, आणि रेणू त्या प्रथिनाच्या पाठीवर बसून दिवसच्या दिवस फिरत राहतो. त्याचे अर्धायुष्य सुमारे सात दिवसांचे आहे.

गुणाबद्दल शंका नाही. २०२१ साली प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या चाचणीत १,९६१ जणांनी भाग घेतला होता. ६८ आठवड्यांनंतर सेमाग्लुटाइड घेणाऱ्यांचे वजन सरासरी १४.९ टक्क्यांनी घटले, तर औषधाविना नुसती सुई घेणाऱ्यांचे २.४ टक्क्यांनी. आहार आणि व्यायामाचा सल्ला दोन्ही गटांना होता. पण औषध थांबवल्यावर वर्षभरात घटलेल्या वजनापैकी सुमारे दोन तृतीयांश परत आले. म्हणजे हा महिन्या-दोन महिन्यांचा 'कोर्स' नव्हे. रक्तदाबाच्या गोळीसारखे हे दीर्घकाळचे नाते आहे. 'तीन महिन्यांत कायमचा फरक' असे लिहिणारा विक्रेता इथेच बाद करावा.

अर्धायुष्याचे गणित जरा पाहू या. नववी-दहावीच्या वर्गात फळ्यावर करण्याजोगे आहे. दर आठवड्याला एक मात्रा, आणि आठवड्यात निम्मी शिल्लक. पहिल्या सुईनंतर शरीरात १, दुसऱ्या सुईनंतर ०.५ अधिक १ म्हणजे १.५, तिसऱ्यानंतर १.७५, चौथ्यानंतर १.८७५. ही मालिका २ कडे सरकत जाते. मात्रा तीच असूनही महिन्याभरात शरीरातला साठा जवळजवळ दुप्पट होतो. म्हणूनच आठवड्याला ०.२५ मिलिग्रॅमने सुरुवात करून किमान चार आठवडे थांबायचे, मग ०.५, मग १, अशी चढण ठरवलेली आहे. घाई केली तर मळमळ, उलट्या, जुलाब हे त्रास बळावतात. याच गणिताची दुसरी बाजू अशी, की चुकून जास्त औषध टोचले गेले तर ते परत घेता येत नाही. आठवडा उलटला तरी त्यातले निम्मे अंगात असते.

चूक कशी होते? कारखान्यातून आलेल्या पेनावर आकडा फिरवला की ठरावीक मात्रा येते. पण सुट्या कुपीतून औषध इन्शुलिनच्या सिरिंजने ओढायचे असेल तर मिलिग्रॅम, मिलिलिटर आणि युनिट या तीन मापांचा गोंधळ होतो. यू-१०० प्रकारच्या सिरिंजवर १०० युनिट म्हणजे १ मिलिलिटर. समजा कुपीत २ मिलिलिटरमध्ये ५ मिलिग्रॅम औषध आहे. ०.२५ मिलिग्रॅमसाठी ०.१ मिलिलिटर, म्हणजे १० युनिट लागतील. '०.२५' वाचून कोणी २५ युनिट ओढले तर अंगात ०.६२५ मिलिग्रॅम जाईल, अडीचपट. पुढच्या खेपेला विक्रेत्याने दुप्पट तीव्रतेची कुपी पाठवली, तर बरोबर मोजलेले १० युनिटही दुप्पट ठरतील. अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २०२४ साली अशाच चुकांबद्दल इशारा दिला. काही जणांनी पाच ते वीस पट औषध टोचून घेतले होते. शिकलेली माणसे चुकतात, कारण मापेच तशी आहेत. तेव्हा सुट्या कुप्या, पूड आणि पाणी वेगवेगळे पाठवून 'घरी मिसळा' सांगणारे, किंवा लेबलावर 'केवळ संशोधनासाठी' छापून माणसांना विकणारे, यांच्याशी व्यवहारच नको. मी स्वतः प्रयोगशाळेत काम करतो. संशोधनासाठी विकलेले रसायन माणसाला टोचण्याच्या दर्जाचे असावे असे बंधन त्या लेबलात नसते, एवढे खात्रीने सांगतो.

आता रस्ता. नागपूरहून निघालेली पेटी चंद्रपूर, आलापल्ली करत हेमलकशाला येते. आलापल्लीपासूनचे शेवटचे सुमारे ६० किलोमीटर जंगलातले. मे महिन्यात चंद्रपूरचा पारा ४५ अंश सेल्सिअसच्या वर जातो. पावसाळ्यात नाल्यांना पूर येऊन रस्ता बंद पडण्याचा अनुभव या तालुक्याने वर्षानुवर्षे घेतला आहे. पेटीतले औषध मात्र वापर सुरू होईपर्यंत २ ते ८ अंशांत राहायला हवे. वापर सुरू झाल्यावर काही आठवडे ३० अंशांपर्यंत चालते. नेमके किती दिवस, ते त्या-त्या पेनाच्या माहितीपत्रकात असते. उष्णतेने अमिनो आम्लांची साखळी हळूहळू बिघडते. उलट बर्फाच्या पिशवीला थेट चिकटून पेन गोठले, तर रेणू एकमेकांना बिलगून गाठी होतात. गोठून वितळलेले पेन फेकूनच द्यावे लागते. आणि वाईट गोष्ट ही, की बिघडलेले औषध दिसायला बहुधा चांगल्यासारखेच असते.

इथे दोन तुलना उपयोगी पडतील. पोलिओच्या लशीच्या कुपीवर एक लहान चौकोन असतो. उष्णता लागत गेली की तो गडद होतो आणि आरोग्यसेविकेला कुपी टाकून द्यायची वेळ कळते. या पेनांवर तसा पहारेकरी नसतो. दुसरी तुलना सर्पदंशाच्या लशीची. पातळ प्रतिविषाला फ्रिज लागतो, पण तेच गोठवून सुकवलेल्या पुडीच्या रूपात असले तर थंड, अंधाऱ्या जागी टिकते. पहिली अनेक वर्षे वीज नसलेल्या हेमलकशासारख्या ठिकाणी या फरकाला किती किंमत असेल, याची कल्पना करावी. वजनाच्या इंजेक्शनांची पेने मात्र पातळ द्रावणाचीच असतात. म्हणून विक्रेत्याला थेट विचारावे : पेटी किती तासांत पोचेल? आत तापमान नोंदवणारी पट्टी आहे का? रस्ता बंद पडला आणि पेटी आलापल्लीला दोन दिवस पडून राहिली, तर ती परत घेऊन बदलून द्याल का? उत्तर गुळमुळीत असेल तर नागपूर-चंद्रपूरच्या फेरीत परवानाधारक दुकानातून घेऊन थर्मासमधून आणलेले पेन अधिक भरवशाचे. थर्मासमध्ये बर्फ आणि पेन यांच्यामध्ये जाड कापड घालावे.

कायदा काय सांगतो? ही औषधे नोंदणीकृत डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय विकता येत नाहीत. विक्रेत्याकडे १९४० च्या औषध कायद्याखालचा परवाना हवा. तो इथे राज्याचे अन्न व औषध प्रशासन देते. ऑनलाइन विक्रीसाठी केंद्राने ऑगस्ट २०१८ मध्ये नियमांचा मसुदा काढला, त्याच वर्षी डिसेंबरात दिल्ली उच्च न्यायालयाने परवान्याविना चालणारी ऑनलाइन विक्री थांबवण्याचा आदेश दिला, आणि पुढे वर्षानुवर्षे मसुदा मसुदाच राहिला. महाराष्ट्राला हा प्रश्न त्याआधीच भेटला होता. एप्रिल २०१५ मध्ये राज्याच्या अन्न व औषध प्रशासनाने स्नॅपडील या कंपनीच्या मुंबईतील जागेची झडती घेतली. चिठ्ठीवरच मिळणारी औषधे तिच्या संकेतस्थळावरून विकली जात असल्याचा आरोप होता. त्या वेळी चर्चा होती खोकल्याच्या औषधाची आणि गोळ्यांची. आज त्या जागी हजारो रुपयांचे पेन आहे. जून २०२४ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने बनावट सेमाग्लुटाइडबद्दल इशारा दिला, तेव्हा असा माल ब्राझील, ब्रिटन आणि अमेरिकेत सापडलेला होता. सेमाग्लुटाइडच्या भारतातील मूळ पेटंटची मुदत मार्च २०२६ पर्यंतची. पेटंट सरले की अनेक कारखान्यांचे औषध बाजारात येते आणि भाव उतरतो, हे चांगलेच आहे. पण नावे वाढली की खऱ्या-खोट्याची निवडही अवघड होते.

आणखी एक कायदा फारसा कोणाला ठाऊक नसतो. जादूटोण्याच्या औषधांच्या आक्षेपार्ह जाहिरातींविरुद्धचा १९५४ चा कायदा घ्या. ज्या विकारांवर औषधाची जाहिरात करू नये त्यांची यादी त्यात आहे, आणि त्या यादीत लठ्ठपणा आहे. तेव्हा औषधाचे नाव घेऊन 'वजन घटवा' म्हणणारी, आधीचे-नंतरचे फोटो लावणारी जाहिरात दिसली की ती विक्रेत्याची शिफारस न मानता त्याच्याविरुद्धचा पुरावा मानायला हरकत नाही.

चांगला पुरवठादार ओळखायची माझी खूण साधी आहे : पैसे मागण्याआधी तो किती प्रश्न विचारतो? उंची-वजन तर कोणीही विचारेल. कंबर मोजायला सांगितली का? आपल्याकडे पुरुषांत ९० आणि स्त्रियांत ८० सेंटिमीटर ही धोक्याची रेषा मानतात. स्वादुपिंडाला सूज, पित्ताचे खडे, घरात कोणाला थायरॉइडचा मेड्युलरी कर्करोग, गर्भधारणेचा विचार, इन्शुलिन किंवा साखरेच्या इतर गोळ्या, हे विचारले का? डॉक्टर पडद्यावर दिसले का, त्यांनी आपला नोंदणी क्रमांक सांगितला का? तो क्रमांक वैद्यक परिषदेच्या नोंदवहीत ताडून पाहता येतो. नुसता अर्ज भरून पाच मिनिटांत 'मंजूर' आले, तर डॉक्टरांनी तो वाचला असेल यावर माझा विश्वास बसत नाही.

गडचिरोली-चंद्रपूरसाठी एक प्रश्न मी या यादीत सर्वांत वर ठेवीन, आणि दूरच्या शहरात तयार झालेल्या अर्जात तो सापडणे कठीण : तुम्हाला सिकलसेल आहे का? या भागातील आदिवासी आणि इतर काही समाजांत हा आनुवंशिक विकार बऱ्यापैकी आढळतो. शरीरातले पाणी कमी झाले की अशा रुग्णाच्या लाल पेशी कोयत्यासारख्या वाकतात, बारीक वाहिन्यांत अडकतात आणि असह्य वेदनांचा झटका येतो. या औषधाचे नेहमीचे त्रास कोणते? उलट्या, जुलाब आणि पाणी पिण्याचीही इच्छा न होणे. त्यातून बाहेर ४५ अंशांचा उन्हाळा. शिवाय तीन महिन्यांची सरासरी साखर दाखवणारी एचबीए१सी ही तपासणीही सिकलसेलमध्ये फसवी ठरते, कारण तिथे लाल पेशी लवकर मरतात आणि त्यांच्यावर साखर साचायला पुरेसा वेळ मिळत नाही. आकडा चांगला दिसतो, साखर चांगली असेलच असे नाही. ज्याला हे ठाऊक नाही त्याने भामरागडच्या माणसाचे औषध दुरून ठरवू नये. सिकलसेलची चाचणी सरकारी दवाखान्यात होते. ती आधी, सुई नंतर.

पेटी हातात आली की उघडण्याआधी फोटो काढावा. बिलावरचा बॅच क्रमांक, खोक्यावरचा आणि पेनावरचा क्रमांक एकच हवा. उत्पादकाचा किंवा आयातीचा परवाना क्रमांक, मुदतीची तारीख आणि चिठ्ठीवरच विकण्याची सूचना छापलेली हवी. द्रावण गढूळ, रंगीत किंवा कणांचे असेल तर टोचू नये. खोके आणि बिल जपून अन्न व औषध प्रशासनाच्या जिल्हा कार्यालयात तक्रार करावी. वापरलेल्या सुया घराच्या कचऱ्यात किंवा शाळेमागच्या खड्ड्यात नकोत, तिथे मुले अनवाणी फिरतात. जाड प्लॅस्टिकच्या झाकणाच्या डब्यात साठवून, डबा पाऊण भरला की तो जवळच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात नेऊन द्यावा.