मोत्या, मनी आणि काळी पिशवी

अंधेरी, बोरिवली, मुलुंड, घाटकोपर, कुठल्याही उपनगरात सकाळी सहाला रस्त्यावर उतरा. दूधवाले आणि पेपरवाले यांच्या जोडीला कुत्र्याची साखळी धरलेली माणसं दिसतात. त्यांतली काही आता घाण उचलायला पिशवीही नेतात. चांगलीच गोष्ट आहे. महापालिकेच्या २००६ च्या स्वच्छता उपविधींनी घाण न उचलणाऱ्या मालकाला दंड ठेवला. पण पिशवीला गाठ मारली की आपलं काम संपतं आणि दुसऱ्या कुणाचं तरी सुरू होतं.

ती पिशवी सुक्या कचऱ्यात गेली, तर कचरा वेगळा करणाऱ्या बाईच्या हाती येते. कुत्र्याच्या विष्ठेत जंतांची अंडी असू शकतात. ती पोटात गेली तर लहान मुलांच्या डोळ्यांनाही इजा होऊ शकते. आणि पिशवी नाल्यात गेली, तर? २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस पडला. तुंबलेल्या गटारांत पिशव्यांचे ढीग सापडले. पुढच्याच वर्षी राज्याने ५० मायक्रॉनपेक्षा पातळ पिशव्यांवर बंदी आणली, २०१८ मध्ये ती आणखी कडक केली. कारखान्यातून येणारी बरीचशी वेष्टनं मात्र बंदीबाहेर राहिली.

मग करायचं काय? कुत्र्यासाठी रद्दीचा कागद घ्या. घाण कागदावर उचला, घरी येऊन संडासात टाका, कागद तेवढा कचऱ्यात. संडासाचं पाणी घाटकोपर, भांडुप, मालाड, वर्सोवा इथल्या मलप्रक्रिया केंद्रांकडे जातं. रस्त्यावरचं पावसाचं पाणी मात्र नाल्यांतून थेट खाडीला मिळतं. म्हणून घाण रस्त्यावर सोडणं सर्वांत वाईट. 'आपोआप विरघळणारी' पिशवी घेतली म्हणूनही निश्चिंत राहू नका. तिला खताच्या कारखान्यातली उष्णता आणि हवा लागते, कचऱ्याच्या डोंगरात तिला ती मिळत नाही.

मांजराचं गणित वेगळं आहे. आम्ही कवी मांजरावर कविता लिहितो, तिच्या मातीवर कुणी लिहीत नाही! बाजारात मिळणारी ही माती बहुतेक वेळा बेंटोनाइट असते, आपल्याकडे कच्छच्या खाणींत निघते ती. ओली झाली की फुगून घट्ट होते. संडासात टाकली, तर चाळीचा किंवा सोसायटीचा सामाईक पाइप तुंबलाच म्हणून समजा. मांजराच्या विष्ठेतले काही जंतू मलप्रक्रियेतूनही सुटतात, तेव्हा ती संडासात टाकूच नये. मातीऐवजी सुताराकडचा साध्या लाकडाचा भुसा चालतो. प्लायवूडचा नको, त्यात डिंक असतो. घाण रोज काढा, कारण ते जंतू घातक व्हायला एक ते पाच दिवस लागतात. काढलेली घाण कागदात घट्ट गुंडाळून कचऱ्यात द्या. गरोदर बाईला मात्र हे काम सांगू नका. आणि कुत्र्यामांजराची घाण तुळशीच्या किंवा भाजीच्या कुंडीत खत म्हणून घालू नका.

राहता राहिलं खाणं. चकचकीत पाकिटात बरेचदा प्लास्टिक आणि ॲल्युमिनियमचे थर एकमेकांना चिकटवलेले असतात. ते वेगळे करणं परवडत नाही, म्हणून भंगारवाला पाकिटाला हात लावत नाही. घ्यायचंच तर दहा छोट्या पाकिटांऐवजी एक मोठं घ्या. कुत्र्याला घरचा भात, पोळी, उकडलेलं मटण चालतं. कांदा, लसूण, मनुका, चॉकलेट आणि शिजवलेली हाडं नकोत. मांजर मात्र दूधभातावर जगत नाही, तिला मांस हवंच. आमच्याकडे खाटकाकडून छिछडे आणायची जुनी पद्धत आहे. ते उकडून द्यावेत. मी त्यासाठी स्टीलचा डबा नेतो. पहिल्या दिवशी दुकानदार हसला. आता मी दिसलो की काळ्या पिशवीकडे न वळता तो डब्यासाठी हात पुढे करतो.

मुक्या जिवाला आपण घरात आणतो ते प्रेमानं. त्या प्रेमाची घाण दुसऱ्या कुणाच्या उघड्या हातावर पडू नये, एवढी काळजी घ्यायला एक रद्दीचा कागद आणि एक डबा पुरतो.