इंग्रजीच्या पदवीचा जमाखर्च

बारावीचा निकाल लागला की आपल्या घरोघरी पुढील शिक्षणाची चर्चा सुरू होते. बी. कॉम., सी. ए., व्यवस्थापन हे मार्ग व्यापारी कुटुंबाच्या ओळखीचे. परंतु मुलाने अथवा मुलीने ‘मला इंग्रजी विषय घेऊन बी. ए. करावयाचे आहे’ असे सांगितले, तर वडीलधारे क्षणभर गप्प होतात आणि मग विचारतात, ‘त्यातून मिळणार काय?’ हा प्रश्न अनेकांना संकुचित वाटतो. मला तो तसा वाटत नाही. पै-पैचा हिशेब ठेवून ज्यांनी पेढी उभी केली, त्यांनी तीन वर्षांच्या शिक्षणाचाही हिशेब मागावा हे स्वाभाविकच आहे. मात्र हिशेब मागायचा तर तो पुरा मांडला पाहिजे. अर्ध्या खतावणीवरून ताळेबंद निघत नाही.

प्रथम एक गल्लत दूर केली पाहिजे. इंग्रजी भाषा येणे आणि इंग्रजीची पदवी असणे या दोन भिन्न गोष्टी आहेत. आपल्या समाजातील शेठ प्रेमचंद रायचंद हे इंग्रजी लिहू, वाचू आणि बोलू शकणारे पहिले भारतीय दलाल म्हणून ओळखले जातात. मुंबई विद्यापीठ 1857 साली स्थापन झाले. त्यापूर्वीच ते दलालीत उतरले होते. म्हणजे भाषेने त्यांना व्यवसायात बळ दिले, पदवीने नव्हे. पुढे याच विद्यापीठाला त्यांनी दिलेल्या देणगीतून, त्यांच्या मातोश्रींच्या नावाचा राजाबाई टॉवर 1878 मध्ये पूर्ण झाला. पदवी नसलेल्या व्यापाऱ्याला विद्येचे मोल किती कळले होते, याची ही साक्ष!

तात्पर्य, निर्यातीचा पत्रव्यवहार करता यावा किंवा परगावच्या ग्राहकाशी अस्खलित बोलता यावे, एवढाच हेतू असेल तर त्यासाठी तीन वर्षांची पदवी नको. चांगला शिक्षक आणि नित्य सराव पुरेसा आहे. इंग्रजीच्या पदवीत नाटक, काव्य, कादंबरी, समीक्षा आणि भाषाविज्ञान यांचा अभ्यास असतो. तो ज्याला मनापासून करावयाचा आहे, त्यानेच त्या वाटेला जावे.

आता खर्चाची बाजू पाहू. उदाहरणादाखल दोन पर्याय घेऊ. आपल्याच गावातील अनुदानित महाविद्यालयात शुल्क, पुस्तके व प्रवास मिळून वर्षाला 30,000 रुपये लागतात असे धरले, तर तीन वर्षांचे 90,000 रुपये होतात. महानगरातील खासगी विद्यापीठात शुल्क व वसतिगृह मिळून वर्षाला 5 लाख धरले, तर तीन वर्षांचे 15 लाख. विषय तोच, पदवीचे नावही तेच. अंतर मात्र 14 लाख 10 हजारांचे.

हे 15 लाख 10 टक्के दराने कर्जाऊ घेतले तर काय होईल? शिक्षण आणि त्यानंतरचे एक वर्ष हप्ता सुरू होत नाही, म्हणून पालक निश्चिंत असतात. व्याज मात्र थांबत नाही. दरवर्षीच्या आरंभी 5 लाख उचलले, तर सरळव्याजानेही चार वर्षांत साडेचार लाख रुपये साठतात. ते मुद्दलात मिळवून दहा वर्षांची परतफेड ठरवली, तर मासिक हप्ता सुमारे 25,800 रुपये येतो. तेच व्याज वेळच्या वेळी भरत गेल्यास हप्ता सुमारे 19,800 रुपयांवर राहतो. शिवाय सर्वसाधारण योजनेत साडेसात लाखांपुढील कर्जास तारण द्यावे लागते; म्हणजे एका पदवीसाठी दुकान किंवा घर गहाण पडते. नव्या पदवीधराच्या पहिल्या पगारातून हा हप्ता निघेल का, हे सही करण्यापूर्वी पाहावे. जानेवारी 2014 मध्ये केंद्र सरकारने जैन समाजाला राष्ट्रीय पातळीवर अल्पसंख्याक दर्जा दिला. त्यामुळे उत्पन्नाच्या मर्यादेत बसणाऱ्या कुटुंबांनी अल्पसंख्याक विकास व वित्त महामंडळाच्या सवलतीच्या कर्जाचीही चौकशी करावी.

जमेची बाजू पाहताना एक गोष्ट ध्यानात ठेवावी. बी. ए. हे बहुधा तयार माल नसून कच्चा माल असतो. मोल येते ते पुढील प्रक्रियेने. शाळेत शिकवायचे तर बी. एड. आणि पात्रता परीक्षा, महाविद्यालयात शिकवायचे तर एम. ए. आणि नेट किंवा सेट. कायद्याची तीन वर्षांची पदवी, बँकेतील अधिकारीपदाची परीक्षा, लोकसेवा आयोग, व्यवस्थापनाची प्रवेशपरीक्षा ही दारेही कोणत्याही शाखेच्या पदवीधराला खुली आहेत. म्हणून पाच-सहा वर्षांचा आराखडा एकत्र मांडावा. साधी पत्रे आणि साधे भाषांतर आता यंत्रही करते. त्या कौशल्याला घसारा लागला आहे. मजकुरातील खोट ओळखणे, कराराच्या वाक्यातील दुसरा अर्थ हेरणे आणि नेमके लिहिणे, याला मात्र अजून किंमत आहे.

यापुढचा मुद्दा अधिक नाजूक आहे. मुलगा बी. ए. करू म्हणतो, तेव्हा आपण त्याची तीन वर्षेही हिशेबात धरतो. त्याच्या जागी दुकानात महिना 12,000 रुपयांचा माणूस ठेवावा लागला, तर तीन वर्षांत 4 लाख 32 हजार गेले, हे आपल्याला लगेच दिसते. मुलीच्या बाबतीत मात्र कित्येक घरांत केवळ शुल्क पाहिले जाते. स्थळ येईपर्यंत घराजवळच्या महाविद्यालयात काहीतरी शिकू दे, म्हणून तिला ही पदवी दिली जाते. तिची तीन वर्षे कोणत्याच खात्यात लिहिली जात नाहीत. ज्या वर्षांची नोंदच नाही, त्यांचा परतावा कोण मागणार? म्हणून मुलीशी बोलताना पदवीनंतरच्या दोन वर्षांची तरतूदही बोलावी, आणि विवाहाची बोलणी करताना तिचे पुढील शिक्षण व काम हा विषय स्पष्टपणे मांडावा.

अनेकांतदृष्टी आपल्याला एकाच बाजूने निर्णय न करण्यास शिकवते. वीरचंद राघवजी गांधी हे मुंबई विद्यापीठाचे पदवीधर. 1893 साली शिकागोच्या सर्वधर्मपरिषदेत त्यांनी जैन धर्म इंग्रजीतून जगापुढे मांडला. तो लाभ कोणत्या खतावणीत बसणार? पण अशा लाभाच्या नावाखाली घर गहाण टाकणेही विवेकाचे नाही. श्रावकाच्या परिग्रह-परिमाण व्रतात मर्यादा आधी ठरवायची असते. शिक्षणाच्या खर्चाचेही तसेच करावे. किती रक्कम, किती वर्षे आणि पुढची पायरी कोणती, हे प्रवेशअर्ज भरण्यापूर्वी घरातील सर्वांनी, ज्याला शिकायचे आहे त्याला किंवा तिला समोर बसवून, कागदावर लिहून काढावे. तेवढा एक कागद तयार झाला, तर ‘त्यातून मिळणार काय?’ या प्रश्नाचे उत्तर त्या घरापुरते तरी सापडलेले असेल.