काशी, दक्षिण काशी आणि अंगणातली टाकी

काशीला जाऊन आलेला मराठी माणूस गंगेच्या पाण्याबद्दल काहीतरी मत घेऊनच परततो. घाट पूर्वीपेक्षा स्वच्छ झाले असे कुणी सांगतो, तर कुणी अस्सी नाल्याची आठवण काढून नाक मुरडतो. आपण ज्या धर्मशाळेत उतरलो तिथल्या संडासाचे पुढे काय होते, हे मात्र कुणी विचारत नाही. स्वतःच्या घराच्या बाबतीत तरी आपण कुठे विचारतो?

काशीच्या सांडपाण्याची गोष्ट जुनी आहे. ब्रह्माघाट, दुर्गाघाट या मराठी वस्तीच्या गल्ल्यांपासून जवळच औरंगजेबाच्या मशिदीचे उंच मिनार होते. १८२० ते १८३० या काळात बनारसच्या टांकसाळीत असलेल्या जेम्स प्रिन्सेपने ते दुरुस्त केले. शहरात साचणारे पाणी गंगेत नेणारा भुयारी नालाही त्यानेच बांधला. पाणी नदीत सोडले की काम झाले, असा तो काळ होता. पुढे १४ जून १९८६ रोजी राजीव गांधींनी गंगा कृती योजनेची सुरुवात याच शहरात केली आणि दीनापूरला रोज ८ कोटी लिटर मैलापाणी शुद्ध करणारे केंद्र उभे राहिले. संकटमोचन मंदिराचे महंत वीरभद्र मिश्र हे बनारस हिंदू विद्यापीठात हायड्रॉलिक इंजिनिअरिंगचे प्राध्यापकही होते. वीज गेली की पंप थांबतात आणि सगळा मैला नदीत जातो, हे ते २०१३ मध्ये निधन होईपर्यंत सरकारला सांगत राहिले. त्यानंतर २०१८ मध्ये दीनापूरलाच १४ कोटी लिटरचे नवे केंद्र सुरू झाले, मग गोइठा आणि रमना इथलीही झाली.

ही सगळी चर्चा गटारातून वाहत येणाऱ्या मैल्याची. ज्या घराला गटाराची जोडणीच नाही, तिथला मैला या हिशेबात येत नाही. बनारसच्या बाहेरच्या बाजूंना वाढलेल्या नव्या वसाहतींत अशी घरे आहेत, आणि देशभर तर तीच बहुसंख्य आहेत. २०११ च्या जनगणनेत शहरी भारतातील ३८ टक्के कुटुंबांचे शौचालय सेप्टिक टाकीला जोडलेले होते, तर भुयारी गटाराला जेमतेम ३३ टक्क्यांचे. म्हणजे शहरातही टाकी हाच मुख्य रिवाज. तिच्यावर मात्र ना आंदोलन झाले, ना कुणा महंतांनी उपोषण केले. टाकीला वीज लागत नाही. तिला दर दोन-तीन वर्षांनी गाळ उपसणारी एक गाडी लागते, आणि तेवढेच आपण विसरतो.

फ्रान्समधल्या मुरास नावाच्या गृहस्थांनी १८६० च्या सुमारास अशी बंद टाकी बांधली, आणि इंग्लंडातल्या एक्झेटर शहराचे अभियंता डोनाल्ड कॅमेरॉन यांनी १८९५ च्या आसपास तिला आजचे नाव दिले. लगोलग, १८९७ मध्ये, मुंबईत माटुंग्याच्या कुष्ठरुग्णालयात तशी टाकी बसली. तिच्यातला वायू गोळा करून पुढे इंजिनही चालवले गेले. सव्वाशे वर्षांपूर्वी ज्या शहराने मैल्यावर इंजिन चालवले, त्याच्या उपनगरांत आज टाकी कुठे आहे हेही घरमालकाला ठाऊक नसावे, याची गंमत वाटते.

टाकीत काय घडते? मैला आत आला की जड भाग तळाशी बसतो, तो गाळ. तेलकट, हलका भाग वर साय धरतो. मधले पाणी दुसऱ्या कप्प्यातून बाहेर, शोषखड्ड्यात जाते, निदान जायला हवे. गाळातले जिवाणू हवेशिवाय जगतात आणि मैला कुजवून त्याचे आकारमान कमी करतात. कमी करतात, संपवत नाहीत. अभियंत्यांच्या हिशेबात माणशी वर्षाला साधारण ७० लिटर गाळ उरतो. पाच माणसांच्या घरात दहा वर्षांत हे साडेतीन हजार लिटर होतात, आणि घरगुती टाक्या पुष्कळदा त्याहून लहान असतात. तरीही 'आमची टाकी पंधरा वर्षांत एकदाही भरली नाही' हे वाक्य आपण अभिमानाने सांगतो. टाकी तर कधीच भरली आहे. गाळाने जागा अडवली की आत आलेला मैला थांबायलाच जागा राहत नाही, तो तसाच पुढे सरकून नालीत किंवा जमिनीत उतरतो. तळ फुटका असेल तर शेजारच्या विहिरीत. संडास तुंबेपर्यंत घरमालकाला काही कळत नाही, कारण जे बिघडते ते त्याच्या घराबाहेर बिघडते. बनारसमध्ये वरुणा नदीत किंवा अस्सी नाल्यात, आणि आपल्याकडे ओढ्यात.

यावर आपल्याकडे एक उत्तर शोधले गेले आणि ते, योगायोगाने, दक्षिण काशी म्हणवणाऱ्या गावात. कृष्णेकाठच्या वाईत भुयारी गटार नव्हते, घरोघरी टाक्या होत्या, आणि टाकी तुंबली की गाडी बोलावायची हीच सर्वत्र असते ती पद्धत होती. २०१८ मध्ये वाई नगरपरिषदेने ती उलटी केली. गावाचे भाग पाडून ठेकेदाराची गाडी ठरलेल्या वेळापत्रकाने प्रत्येक घरी तीन वर्षांतून एकदा येईल असे ठरले. टाकी तुंबली आहे की नाही, हा प्रश्नच उरला नाही. गाडी दारात आली की पैसे मोजायचे नाहीत, खर्च करातून. गाळ टाकायला रोज ७० हजार लिटर क्षमतेचे केंद्र बांधले, तिथे तो वाळवून, उष्णतेने जाळून कोळशासारखा करतात. नाशिक जिल्ह्यातल्या सिन्नरनेही त्याच सुमारास हाच मार्ग धरला. अहमदाबादच्या सेप्ट विद्यापीठाच्या लोकांनी दोन्ही गावांना आराखड्यात मदत केली.

मला यातली सगळ्यात शहाणी गोष्ट वाटते ती कराची. ज्या कामाचे पैसे त्या दिवशी खिशातून काढावे लागतात, ते माणूस पुढे ढकलतो. शिवाय ठेकेदाराला फेरीमागे पैसे मिळाले तर तो जवळच्या ओढ्यातही गाडी रिकामी करतो; केंद्रावर पोहोचवलेल्या गाळाचे पैसे मिळाले तर तिकडेच जातो. बनारसच्या वर, गंगेकाठच्या चुनारला रोज १० हजार लिटरचे असेच छोटे केंद्र उभे राहिले आहे. पक्का महाल या जुन्या वस्तीतल्या गल्ल्यांत गाडीच शिरत नाही ही काशीची अडचण खरी, पण गाडी जाते त्या वसाहतींना तरी वाईचे वेळापत्रक घेता येईल.

वेळेवर उपसण्याचे एक कारण मात्र कराच्या हिशेबाबाहेरचे आहे. दहा-पंधरा वर्षे न उपसलेल्या टाकीत तळाचा गाळ घट्ट होतो, नळीने ओढला जात नाही. मग कुणीतरी 'एक माणूस उतरवा, काढून देईल' म्हणतो. आत हायड्रोजन सल्फाइड आणि मिथेन असतो, प्राणवायू कमी. पहिला माणूस काही क्षणांत कोसळतो, त्याला वाचवायला उतरलेला दुसराही. २०१९ च्या डिसेंबरमध्ये गोवंडीत एका सोसायटीच्या टाकीत तीन कामगार असेच गेले. मुंबई उच्च न्यायालयाने २०२१ मध्ये त्यांच्या कुटुंबांना प्रत्येकी १० लाख रुपये देण्याचा आदेश दिला. सर्वोच्च न्यायालयाने २०२३ च्या ऑक्टोबरमध्ये अशा मृत्यूंची भरपाई ३० लाखांवर नेली. २०१३ च्या कायद्याने सुरक्षा साधनांशिवाय टाकीत माणूस उतरवणे गुन्हा आहे, पहिल्या वेळी दोन वर्षांपर्यंत कैद किंवा दोन लाखांपर्यंत दंड किंवा दोन्ही. हा कायदा ठेकेदाराला जसा लागू आहे, तसाच त्याला बोलावणाऱ्या घरमालकालाही. उशीर केलेल्या उपशाची किंमत दुसऱ्याने मोजावी, ही आपली जुनी सवय आहे आणि ती किंमत कुणाच्या वाट्याला येते हेही आपल्याला ठाऊक आहे.

घरच्या घरी करायचे काम थोडेच आहे. भारतीय मानकानुसार टाकी किमान १,००० लिटरची, पाऊण मीटर रुंद आणि पाण्याची खोली एक मीटर असावी. आपली त्याहून लहान असेल तर ती लवकर उपसावी लागते. दोन्ही कप्प्यांची झाकणे उघडता यायला हवीत. त्यांच्यावर फरशी घालून वर गाडी उभी करणे ही आपली आवडती चूक. झाकण उघडले की काही वेळ दूर राहा, वाकून पाहू नका, काडी ओढू नका, आणि मुलांना लांब ठेवा. सगळा गाळ खरवडून काढू नये, तळाशी दोन-चार सेंटिमीटर राहिला तर जिवाणूंची पुढची पिढी तिथूनच सुरू होते. म्हणून बाजारातली जिवाणूंची पावडर घेण्याची गरज नाही. फिनाइल आणि ॲसिडच्या बाटल्या ओतून ते जिवाणू मारू नका. पॅड आणि डायपर कचऱ्यात टाका. वायू जाण्याच्या उभ्या नळीला वरून जाळी बांधा, कारण उघड्या नळीतून डास शिरून टाकीत अंडी घालतात.

दिवसही बरे निवडावेत. पावसाळ्यात भूजल वर आलेले असते, अशा वेळी पूर्ण रिकामी केलेली प्लास्टिकची टाकी जमिनीतून वर उचलली जाते. दिवाळीनंतरचे कोरडे महिने त्यासाठी चांगले. गाडीवाल्याला एकच प्रश्न विचारायचा, 'हे तुम्ही कुठे नेता?' उत्तर टाळले तर दुसरी गाडी बोलवा आणि नगरपरिषदेत कळवा. कुणी माणूस उतरवायचे म्हटले तर १४४२० या मदत क्रमांकावर तक्रार करता येते. उपसा झाला की तारीख मीटरच्या पेटीच्या आतल्या बाजूला लिहून ठेवा, तीन वर्षांनी तीच बघा. आणि आपली टाकी शेवटची कधी उपसली हे घरातल्या कुणालाच आठवत नसेल, तर या दिवाळीनंतर पहिला फोन गाडीवाल्याला करा.